बोटीवर मुक्काम की किनाऱ्यावर? उष्ण समुद्रातील डायव्हिंगच्या सुट्टीचा तुलनात्मक आढावा

उष्ण कटिबंधातील समुद्रात आठवडाभर डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचा टँक बांधून पाण्याखाली उतरणे, करायचे ठरले की मुक्कामाचा प्रश्न लगेच पुढे येतो. लाइव्हअबोर्डवर, म्हणजे जेवण, झोप आणि डाइव्ह सगळे एकाच ठिकाणी असलेल्या बोटीवर राहायचे, की किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये किंवा साध्या घरगुती निवासात राहून डाइव्ह सेंटरच्या बोटीने रोज समुद्रात जाऊन यायचे? बहुतेक जण हा निर्णय खर्च आणि सोय यांच्या हिशेबाने घेतात. हे दोन्ही हिशेब महत्त्वाचे आहेत. पण माझ्या मते त्यांच्याही आधी दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. जे पाहायचे आहे ते किनाऱ्यावरून गाठता येते का, आणि एखाद्या दिवशी पाण्यात उतरावेसे वाटले नाही तर तो डाइव्ह सोडून देण्याची मोकळीक आपल्याला किती लागते?

काही ठिकाणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलच देतो. कोस्टारिकाचे कोकोस बेट मुख्य भूमीपासून सुमारे ५५० किलोमीटरवर आहे, तेथे पोहोचायला बोटीला जवळजवळ दीड दिवस लागतो आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. गालापागोसमधील डार्विन आणि वुल्फ ही उत्तरेकडची बेटे हातोडी शार्कच्या थव्यांसाठी आणि हंगामात येणाऱ्या व्हेल शार्कसाठी ओळखली जातात, पण तेथेही राहण्याची सोय नाही. फिलिपिन्समधील तुब्बताहा प्रवाळद्वीपे पुएर्तो प्रिन्सेसापासून सुमारे १५० किलोमीटर आत, सुलू समुद्राच्या मध्यावर आहेत आणि तेथे जाण्याजोगा समुद्र साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच मिळतो. ही ठिकाणे पाहायची असतील तर तुलना करण्यासारखे काही उरत नाही. लाइव्हअबोर्ड हाच मार्ग आहे.

याच्या नेमकी उलट स्थिती असलेली ठिकाणेही आहेत. कॅरिबियन समुद्रातील बोनेअर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने रस्ता जातो आणि रस्त्याकडेला रंगवलेले पिवळे दगड डाइव्हच्या जागा दाखवतात. गाडीत टँक टाकायचे, दगडाजवळ थांबायचे आणि चालत पाण्यात उतरायचे, असा तेथला क्रम असतो. अशा ठिकाणी बोटीवर राहण्याने हाती काही जास्त लागत नाही. इंडोनेशियातील लेम्बेह सामुद्रधुनीत काळ्या ज्वालामुखीय वाळूवर फ्रॉगफिश, नक्कल करणारे ऑक्टोपस आणि बोटाच्या पेराएवढे जीव शोधायचे असतात आणि बहुतेक जागा रिसॉर्टपासून बोटीने थोड्याच मिनिटांवर आहेत. मालदीवच्या दक्षिणेकडील फुवहमुला येथे टायगर शार्क बेटाच्या बंदराजवळच दिसतात. मलेशियातील सिपादान बेटावरचा मुक्काम २००४ च्या अखेरीस बंद करण्यात आला. तेव्हापासून डायव्हर आसपासच्या बेटांवर किंवा किनाऱ्यावरच्या सेम्पोर्ना गावात राहतात आणि ठरावीक संख्येने मिळणाऱ्या परवान्यांवर दिवसापुरते तेथे जातात.

खरा पेच या दोहोंच्या मधल्या ठिकाणी पडतो, कारण तेथे दोन्ही पद्धती चालतात आणि प्रत्येकीतून दिसणारा समुद्र थोडा निराळा असतो. मालदीवमध्ये दक्षिण आरी प्रवाळवलयातील (वर्तुळाकार प्रवाळबेटांच्या समूहातील) एखाद्या स्थानिक बेटावर राहिले तर व्हेल शार्कच्या पट्ट्यात रोज जाता येते, मात्र दुसऱ्या वलयातील खिंडी त्या मुक्कामातून पाहता येत नाहीत. लाइव्हअबोर्ड एका आठवड्यात अनेक वलये फिरते. शिवाय तेथे डाइव्हसाठी सोबत स्वतंत्र धोनी, म्हणजे तेथील पारंपरिक होडी, असल्यामुळे टँकमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज आणि ओले सामान मुख्य बोटीपासून दूर राहते. मनोरंजनासाठीच्या डाइव्हला ३० मीटरची मर्यादा मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. इंडोनेशियातील राजा अम्पात द्वीपसमूहात डाम्पियर सामुद्रधुनीच्या काठी पापुआन कुटुंबांनी चालवलेल्या साध्या निवासांत राहून केप क्रीसारख्या जागा सहज गाठता येतात. याच केप क्रीला २०१२ मध्ये एका डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या गेल्या होत्या. त्यामुळे किनाऱ्यावर राहिलो म्हणून काही कमी पाहिले, असे तेथे मुळीच म्हणता येणार नाही. पण दक्षिणेकडचे मिसूल बेटही त्याच सहलीत हवे असेल तर बोट घेणेच सोयीचे ठरते.

इंडोनेशियातील कोमोडो बेटांच्या उदाहरणातून लाइव्हअबोर्डची सर्वात मोठी आणि सहसा न सांगितली जाणारी जमेची बाजू कळते. जवळच्या लाबुआन बाजो या बंदराच्या गावाहून सकाळी निघालेल्या दिवसभराच्या बोटीला मधल्या आणि उत्तरेकडच्या जागांपर्यंत पोहोचायला साधारण दोन तास लागतात, आणि तिन्ही डाइव्ह दुपारपर्यंत उरकून तिला परतायचे असते. तेथील प्रवाह मात्र भरती-ओहोटीवर चालतात आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. एखाद्या खडकावर पाणी शांत असण्याची वेळ आज सकाळी नऊची असेल तर पाच दिवसांनी ती दुपारी एकच्या पुढे जाते. जवळच नांगर टाकून असलेली बोट त्या वेळेची वाट पाहू शकते. दिवसाची बोट त्या वेळी परतीची तयारी करत असते आणि तिचा चांगला गाइड जागा बदलून वेळ निभावतो. प्रवाहाच्या समुद्रात योग्य वेळी उतरणे हेच निम्मे कौशल्य आहे, म्हणून अशा ठिकाणी मी बोटीच्या बाजूने झुकतो. दिवसाच्या बोटी पोहोचण्याआधी, पहाटेच्या उजेडात प्रसिद्ध जागेवर उतरता येणे हाही लाभच आहे. मात्र थायलंडमधील रिचेल्यू रॉकसारख्या ठिकाणी त्याच पहाटे अनेक लाइव्हअबोर्ड उभ्या असतात, तेव्हा जाहिरातीतील एकांत गृहीत धरू नये.

आता दिवसाच्या क्रमाकडे पाहू. लाइव्हअबोर्डवर दिवसाला तीन ते चार डाइव्ह होतात: न्याहारीआधी पहिला, न्याहारीनंतर दुसरा, दुपारी तिसरा आणि सूर्यास्तानंतर चौथा. उतरायचे, खायचे, झोपायचे आणि पुन्हा उतरायचे, या लयीत ज्याला आनंद वाटतो त्याच्यासाठी याहून चांगली सुट्टी नाही. पण शरीरात विरघळलेला नायट्रोजन दोन डाइव्हमधल्या वेळात पूर्ण बाहेर पडत नाही. तो दिवसागणिक साचत जातो आणि त्यात ऊन, वारा, अपुरे पाणी आणि तुटक झोप यांची भर पडते. त्यामुळे बोटीवर नायट्रॉक्सचे, म्हणजे प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या हवेच्या वापराचे, प्रशिक्षण घेऊनच जावे, असे माझे ठाम मत आहे. ३२ टक्के प्राणवायूच्या मिश्रणाने नायट्रोजनचा भार कमी होतो. त्याच वेळी सुमारे ३३ मीटरची खोलीची मर्यादा येते आणि ती काटेकोरपणे पाळावी लागते.

किनाऱ्यावर बहुधा सकाळी दोन डाइव्ह होतात आणि दुपार मोकळी राहते. आठवड्याच्या अखेरीस लॉगबुकातील नोंदी बोटीच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास असतील, पण नोंदींची संख्या हे सुट्टीचे माप मानण्यात मला अर्थ दिसत नाही. एकाच प्रवाळभिंतीवर चार दिवस उतरणाऱ्याला ईल माशाचे बीळ कोठे आहे, सफाई करणाऱ्या कोळंब्यांकडे मोठे मासे केव्हा येतात, हे कळू लागते. रोज नवी जागा पाहणाऱ्याला हे क्वचितच मिळते. छायाचित्रण करणाऱ्यांना, विशेषतः सूक्ष्म जीव टिपणाऱ्यांना, ही पुनरावृत्ती फार उपयोगी पडते.

डाइव्ह सोडण्याच्या मोकळिकीचा मुद्दा मला सर्वात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पाण्याखालचे बरेच चुकीचे निर्णय पाण्यात उतरण्याआधीच घेतलेले असतात. सर्दी झाली, कान दुखू लागला किंवा रात्री झोप लागली नाही, तर किनाऱ्यावर राहणारा सकाळी सेंटरला कळवून दिवसभर आराम करू शकतो आणि त्याचे फार तर एका दिवसाचे पैसे जातात. बोटीवरही कोणी जबरदस्ती करत नाही. परंतु सगळ्याचे पैसे आधीच भरलेले असतात, सोबतचे सगळे उतरत असतात आणि ही जागा पुन्हा दिसणार नाही हा विचार मनात असतो. त्या दबावाखाली ‘आज मी वर थांबतो’ असे म्हणणे नवख्याला अवघड जाते. म्हणूनच नुकताच १८ मीटरपर्यंतचा पहिला परवाना मिळालेल्या डायव्हरने पहिली मोठी सहल किनाऱ्यावरून करावी, असे मी सुचवेन. लाइव्हअबोर्डच्या अनेक जागांवर ३० मीटरपर्यंतचे प्रशिक्षण, वाहत्या पाण्यातील डाइव्हचा सराव आणि पाण्यातूनच खुणेचा फुगा वर सोडण्याचे कौशल्य गृहीत धरलेले असते. इजिप्तच्या खोल समुद्रातील संरक्षित बेटांसाठी किमान ५० डाइव्हची नोंद मागितली जाते, ती याच कारणाने. गाइडशी न जमल्यास किंवा उपकरणांची निगा नीट वाटली नाही तर किनाऱ्यावर सेंटर बदलता येते. बोट एकदा सुटली की ती सोय राहत नाही.

सोबत डाइव्ह न करणारे कोणी असेल तर चर्चा फार लांबवण्याची गरज नाही: किनारा निवडावा. लहान मुले असतील तरीही तेच. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने खालच्या डेकवरची, बोटीच्या मध्यभागाजवळची केबिन मागावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. परंतु रात्रभराच्या खुल्या समुद्रातील प्रवासात तेवढ्याने भागेलच असे नाही.

सुरक्षिततेची तुलना करताना लोक शार्क आणि प्रवाह यांविषयी विचारतात, आगीविषयी क्वचितच विचारतात. २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ ही डाइव्ह बोट पेटली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ प्रवासी व एक कर्मचारी असे ३४ जण दगावले. झोपण्याच्या जागेतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग होते, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होते आणि तेच दालन जळत होते. रात्री जागून फेरी मारणारा पहारेकरीही नेमलेला नव्हता. तो समुद्र उष्ण कटिबंधातला नव्हता, परंतु त्यातून निघणारे प्रश्न प्रत्येक लाइव्हअबोर्डला लागू पडतात. माझ्या केबिनमधून बाहेर पडण्याचे दोन वेगळे मार्ग कोणते? रात्री पहाऱ्यावर कोण असते? कॅमेरा आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली चार्ज होतात? आरक्षणाआधी हे लेखी विचारावे आणि टाळाटाळ करणारी उत्तरे मिळाली तर दुसरी बोट शोधावी. बोटीवर प्राणवायूचा साठा किती तासांचा आहे आणि सर्वात जवळचा दाबकक्ष (वाढीव दाबाखाली उपचार करण्याची खोली) किती दूर आहे, हेही विचारायलाच हवे, कारण दीड दिवसाच्या अंतरावरील बेटाजवळ डीकंप्रेशनचा, म्हणजे वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा, त्रास झाल्यास उपचारांपर्यंत पोहोचायला तेवढाच वेळ जाऊ शकतो. किनाऱ्यावर हे अंतर सहसा कमी असते, पण दुर्गम बेटावर राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. डाइव्हिंगचा स्वतंत्र विमा दोन्हीकडे आवश्यक आहे.

खर्चाचे आकडे ठिकाणानुसार इतके बदलतात की सरसकट तुलना दिशाभूल करेल. हिशेबाची रीत मात्र सांगता येते. लाइव्हअबोर्डच्या दरात केबिन, जेवण, टँक, खाली जाण्यासाठी कमरेला बांधायची वजने आणि गाइड असतात. संरक्षित क्षेत्राचे शुल्क, इंधनाचा अधिभार, नायट्रॉक्स, भाड्याची उपकरणे आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी अनेकदा वेगळी असते. हे सगळे मिळवून दर डाइव्हमागे किती पडतात ते काढले, तर किनाऱ्यावरचे चांगले रिसॉर्ट आणि बोट यांतील फरक वाटतो त्यापेक्षा पुष्कळदा कमी निघतो. मात्र हा हिशेब आपण सगळे डाइव्ह खरोखर करणार असू तरच खरा. दिवसाला दोनच करणाऱ्याला बोट नक्कीच महाग पडते. शिवाय बोट ठरलेल्या दिवशी सुटते. विमान चुकले किंवा सामान मागे राहिले तर ती थांबत नाही, म्हणून एक दिवस आधी पोहोचावे आणि मास्क, खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कंप्युटर आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

परतीच्या विमानाचा नियम दोघांनाही सारखा आहे. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर उड्डाणाआधी किमान १८ तास थांबावे, असे सांगितले जाते आणि बहुतेक जण २४ तास पाळतात. लाइव्हअबोर्डच्या वेळापत्रकात शेवटच्या दिवसाचे डाइव्ह याच कारणाने वगळलेले असतात. किनाऱ्यावर तो दिवस आपणच राखून ठेवायचा असतो.

दोन्हींपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती नाही, हेही ध्यानात घ्यावे. सिमिलान, कोमोडो किंवा ग्रेट बॅरियर रीफ येथे तीन-चार रात्रींच्या छोट्या लाइव्हअबोर्ड सहली मिळतात. अशी जोडसहल करायची असेल तर किनाऱ्यावरचे दिवस आधी ठेवावेत. भाड्याच्या बीसीडीची (तरंगणे सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटाची) गळती, वजनाचा अंदाज, कानांची सवय आणि नव्या मास्कचे ताण हे सगळे शांत, उथळ पाण्यात लक्षात येते आणि दुरुस्त करता येते. मग बोटीवरच्या पहिल्याच सकाळी प्रवाहात उतरताना लक्ष उपकरणांकडे न राहता समुद्राकडे राहते, आणि किनाऱ्यावरच्या त्या दोन-तीन दिवसांत आपल्याला बोटीवरचा क्रम झेपणार नाही असे लक्षात आले, तर बोटीच्या कर्मचाऱ्यांना तसे सांगून सोप्या गटात जाण्याची किंवा दिवसाचे डाइव्ह कमी करण्याची व्यवस्था आधीच ठरवता येते.