मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र, डाव्या हातात सुया असताना

आधी या मोठ्या अक्षरांच्या बायबलचं वजन सांगतो, कारण घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं तेव्हा चेनच्या कव्हरसकट १ किलो ६४० ग्रॅम भरलं. टेबलावर ठेवून वाचणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. मी मात्र ते पोटावर ठेवून, एका हाताने वाचतो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार माझं डायलिसिस असतं. एका वेळी चार तास. फिश्चुला (सुया टोचायला शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर) डाव्या हातात आहे, त्यात १६ नंबरच्या दोन सुया जातात आणि मग तो हात मशीनच्या मालकीचा. कोपर वाकवलं की अलार्म वाजतो. मूत्रपिंडं साखरेने गेली, डोळ्यांचा पडदाही तिनेच खाल्ला. लेझर झालं आहे. लग्नात मिळालेल्या पवित्र शास्त्राची अक्षरं मोहरीएवढी आहेत, ती आता नुसती काळी रेघ दिसतात. मुलीने मोबाईलवर ॲप घालून दिलं होतं. पण फोन एका हाताने धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने सरकवायचा, त्यात दोनदा तो फरशीवर आपटला. शिवाय मध्येच कोणाचा तरी गुड मॉर्निंगचा फोटो येतो. म्हणून पुण्याच्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून हे मागवलं. सवलत जाऊन साडेआठशे रुपये पडले. पार्सल चौथ्या दिवशी नगरला आलं.

अक्षर तुरीच्या डाळीएवढं आहे. छान, काळंभोर, ओळींमध्ये हवा. वॉर्डातल्या पांढऱ्या ट्यूबखाली चष्मा लावून सलग दोन अध्याय होतात. माझ्यासारख्याला हे फार झालं. येशूचे शब्द मात्र लाल शाईत छापले आहेत, आणि तिथे माझी गाडी अडते. पडदा खराब झाल्यापासून मला फिकट लाल नीट दिसतच नाही. डोंगरावरील प्रवचनाचे तीन अध्याय म्हणजे मला गुलाबी धुकं. मोठी अक्षरं कोणासाठी छापतात? म्हाताऱ्यांसाठी. मग ज्याचं बोलणं सगळ्यात आधी वाचायचं त्याचीच शाई पातळ कशाला? छापणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा एखाद्या सत्तरीतल्या माणसाला विचारायला हवी होती.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं काढली, त्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की आधी जोड बघतो. बांधणी शिवलेली आहे, नुसत्या डिंकावर नाही. मधोमध उघडलं की सपाट पडून राहतं, आपलं आपण मिटत नाही. एका हाताच्या माणसाला हा मोठा आधार. चेन चार महिन्यांत बिघडली. तिचं कव्हर मी काढूनच टाकलं, तेवढाच भार हलका झाला. पानं पातळ आहेत आणि एकमेकांना चिकटतात. बँकेतले कॅशियर नोटा मोजताना बोटात घालतात ती रबरी टोपी स्टेशनरीच्या दुकानात मिळते, ती अंगठ्यात घातली की पान एकेक सुटतं. पोटावर उशी, उशीवर स्वयंपाकघरातला पाट आणि पाटावर पुस्तक. बायको पाटाला जुनी साडी गुंडाळून देते, म्हणजे घसरत नाही.

समासात संदर्भाची वचनं दिली आहेत, तीही वाचता येतील एवढी. याच संदर्भांनी मला एका खड्ड्यातून बाहेर काढलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो.

गेल्या वर्षी एका बाहेरगावच्या प्रार्थना-गटाचे बंधू घरी आले होते. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, नव्हेत, नात्यातल्या कोणी पाठवलेले. त्यांनी दोन तास माझ्या डोक्यावर हात ठेवून सैतानाला बांधलं, धमकावलं, घराच्या चारी कोपऱ्यांत तेल लावलं. मनाने वाईट नव्हते. जाताना चहा घेता घेता म्हणाले, हे आध्यात्मिक युद्ध आहे, घरात काही लपलेलं पाप असेल तर कबूल करा, आणि मशीनवर भरवसा ठेवला की विश्वास कमी पडतो. मशीन सोडा असं त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. मी मनाने ऐकलं. त्या सोमवारी गेलो नाही. शुक्रवार ते बुधवार, पाच दिवस. मंगळवारी रात्री आडवं होता येईना, छातीत पाणी भरलं. बायको पाठ चोळत बसली आणि मी खिडकीच्या गजाला धरून उभा. पहाटे रिक्षाने नेलं. डॉक्टर बोलले ते इथे लिहित नाही, पण ते बरोबर होते.

त्यानंतर बरेच दिवस प्रार्थना होईना. शरीर बरं होतं, मनात मात्र तेच: मी विश्वासात कमी पडलो की मूर्खपणात जास्त? तेव्हा हे पुस्तक नवं होतं. प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, ज्यात सैतानाविरुद्ध देवाचं चिलखत चढवायला सांगितलं आहे, लहानपणापासून पाठ आहे. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, पुठ्ठ्याची ढाल करून आम्ही तो नाटकातही केला होता. मोठ्या अक्षरांत एकेक शब्द बोटाखालून जाताना पहिल्यांदा दिसलं की पौल तिथे चढाई करा म्हणत नाही. टिकाव धरता यावा, उभे राहा, हेच फिरून फिरून म्हणतो. शेवटी प्रार्थना मागतो तीही बेड्या तुटाव्यात म्हणून नाही, तोंड उघडून धैर्याने बोलता यावं म्हणून. आणि हे सगळं कैदेतून.

समासातल्या खुणेवरून पुढे जात जात मी पौलाच्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायावर पोचलो. पौलाच्या शरीरातला काटा. पौल त्याला सैतानाचा दूत म्हणतो. म्हणजे युद्ध खरंच आहे, त्या बंधूंचं तेवढं चुकलं नव्हतं. पण पुढे वाचा. तीनदा विनंती केली तरी काटा निघाला नाही. उत्तर आलं ते कृपा पुरेशी आहे असं. लपलेलं पाप शोध असं कोणी पौलाला सांगितलं नाही. जुन्या करारातल्या ईयोबाला, जो निर्दोष असून सगळं गमावून बसला, त्याच्या मित्रांनी मात्र तेच सांगितलं, पानंच्या पानं, आणि ४२ व्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर. या पुस्तकात ईयोबाचा तिसरा अध्याय, ज्यात तो जन्मदिवसाला शाप देतो, मधोमध फाटला आहे. पोटरीत गोळा आला, पाय झटकला गेला आणि पाटासकट सगळं खाली गेलं. टेक्निशियन पोरगा धावत आला, आधी सुया बघितल्या, मग पुस्तक उचललं आणि "काका, याला पण टाके घालू का?" म्हणत सुया बसवायची चिकटपट्टी लावून दिली. ती अजून तशीच आहे. पारदर्शक नाही, म्हणून तिच्याखालच्या दोन ओळी आता आठवणीने वाचतो.

शेजारच्या खुर्चीवर पारनेरकडचे एक माळकरी बुवा असतात. डोळे माझ्याहून वाईट, म्हणून मी थोडं मोठ्याने वाचतो. स्तोत्र ८८ वाचलं, ज्याचा शेवट अंधारातच होतो, शेवटी एकही आशेची ओळ नाही. बुवा म्हणाले, "आमचे तुकोबा पण देवाशी असेच भांडतात. पण तुमच्यात हे पुस्तकातच ठेवलंय होय? काढून नाही टाकलं कोणी?" मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

भाषेबद्दल दोन शब्द. भाषांतर नेहमीचंच आहे, मंडळीत वाचतो ते, म्हणून कान अडखळत नाही. तरी काही शब्द जड आहेत. बुवांना "उरस्त्राण" म्हणजे छातीचं चिलखत असं समजावून सांगावं लागलं. माझी आजी दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, आलेली पोर. ती रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर वाचायची आणि म्हणायची, बाईंनी ते आमच्यासारख्या अडाण्यांना कळावं म्हणून केलं. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येईनासं झालं होतं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या, आणि पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यातून नंतर बाहेर आलं. त्यांच्या सोप्या मराठीत अशी मोठी अक्षरं कोणी छापली तर मी पेन्शनमधून आगाऊ पैसे भरीन.

पाचपैकी चार तारे. एक लाल शाईसाठी कापला. चेनबद्दल दुकानाला फोन केला तर त्यांनी कुरकुर न करता नवं कव्हर पाठवलं. ते बायकोने हळदी-मसाल्याच्या पुड्या ठेवायला घेतलं आहे. घरी टेबलावर वाचणार असाल तर डोळे झाकून घ्या. दवाखान्यात नेणार असाल तर नवा करार आणि स्तोत्रं एवढंच असलेलं मोठ्या अक्षरांचं पुस्तक मिळतं का ते आधी विचारा, निम्म्याहून हलकं पडेल. मी विचारलं नव्हतं. पण मग ईयोब घरीच राहिला असता, आणि बुधवारी बुवा विचारणार, त्या माणसाचं पुढे काय झालं.