क्योल्श की आल्ट? हातात एकच संध्याकाळ असेल तर

मी जर्मनीत लेव्हरकुझेनला राहतो. एस ६ लोकल पकडली की एका बाजूला कोलोन, दुसऱ्या बाजूला ड्युसेलडॉर्फ. त्यामुळे प्रदर्शनाला किंवा कंपनीच्या कामाला आलेले मराठी पाहुणे हमखास विचारतात: एकच संध्याकाळ मोकळी आहे, इथली खास बियर प्यायची तर कुठे जाऊ? कोलोनची बियर क्योल्श, ड्युसेलडॉर्फची आल्ट. दोन शहरांत अंतर जेमतेम ४० किलोमीटर. पण कोलोनच्या बियरखान्यात बसून आल्ट मागणं म्हणजे कोल्हापुरात बसून पुणेरी मिसळ मागणं. वेटर चार शब्द ऐकवेल आणि क्योल्शच आणून ठेवेल.

दोघी एकाच घरातल्या, हे दोन्ही शहरांना फारसं रुचत नाही. दोन्ही एल. म्हणजे यीस्ट उबेत काम करणारं, आंबवण साधारण १५ ते २० अंशांना. त्यानंतर मात्र लागरसारखं (लागर म्हणजे आपल्याकडची नेहमीची बाटलीतली बियर) थंडीत काही आठवडे मुरवतात, म्हणून फळांचा वास दबतो आणि घोट स्वच्छ लागतो. पुण्यात २००९मध्ये डूलाली हा ब्रूपब (स्वतःची बियर बनवून तिथेच पाजणारं ठिकाण) सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे ‘जर्मन एल’ म्हटलं की गव्हाची बियर डोळ्यांसमोर येते. त्या जिभेने इथे येऊ नका. गव्हाच्या बियरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास हे वेगळ्या यीस्टचं काम. क्योल्शमध्ये किंवा आल्टमध्ये केळं ठळक लागलं, तर बनवणाऱ्याचं काहीतरी बिनसलंय असं समजा.

आता क्योल्श. फिकट सोनेरी, इतकी नितळ की ग्लासच्या पलीकडचं मेनूकार्ड वाचता यावं. ही नितळता हौसेची नाही, ठरावातली आहे. कोलोन आणि आसपासच्या २४ ब्रुअऱ्यांनी १९८६मध्ये एकत्र बसून क्योल्श कशाला म्हणायचं ते लिहून काढलं. १९९७पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे. गाळलेली नसेल तर तिला क्योल्श म्हणत नाहीत, ‘वीस’ म्हणतात. नाकाशी धरली तर कोवळ्या पेरचा पुसटसा वास, खाली साळीच्या लाह्यांसारखा धान्याचा गोडवा, आणि घोट संपताना कोरडेपणा. बस, एवढंच. पहिल्या ग्लासाला बहुतेकांचा चेहरा ‘यात काय विशेष’ असा होतो.

विशेष हेच की लपायला जागा नाही. आमटीत मसाला जास्त घालून पाण्याची चूक झाकता येते, वरण-भातात नाही येत. क्योल्श म्हणजे वरण-भात. मागच्या भारतवारीत एका ब्रूपबमध्ये फळ्यावर ‘क्योल्श’ वाचून हरखलो. ग्लास आला तो लोण्याच्या वासाचा, जिभेवर तुपकट पापुद्रा. बियर पुरती मुरायच्या आत टॅपला लावली की असं होतं, यीस्टला तो वास परत खाऊन टाकायला वेळच मिळत नाही. वर नितळपणाचा पत्ता नाही. तिथल्या पोराने प्रेमाने सांगितलं, ‘सर, क्राफ्ट आहे ना, म्हणून गढूळ.’ मी गप्प बसलो. पुढच्या टेबलावर मात्र तीच बियर तिघे जण मिटक्या मारत पीत होते, तेव्हा आवडीचं आणि परीक्षणाचं गणित वेगळं, हे मान्य.

परीक्षणाचं गणित मला उपयोगी वाटतं. बीजेसीपी या परीक्षक संघटनेच्या गुणपत्रिकेत ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त ३, हे फोटो काढताना फेस बसू देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. आधी नाक, मग घोट, कारण वास पहिल्या मिनिटातच उडतो. उकडलेल्या कणसाचा वास, हिरव्या सफरचंदाचा, ओल्या पुठ्ठ्याचा: यातलं काही आलं की गुण कापायचे.

आल्टकडे वळलं की हे कापणं अवघड होतं. रंग न घासलेल्या तांब्याच्या हंड्याचा. वास भाकरीच्या करपल्या पापुद्र्याचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा, थोडा चिक्कीचा. आणि त्यावर कडूपणा. आकड्यांत सांगायचं तर क्योल्शचा कडूपणा साधारण १८ ते ३० आयबीयू (बियरचा कडूपणा मोजायचं एकक), आल्टचा २५ ते ५०. त्यातही ड्युसेलडॉर्फच्या जुन्या गावठाणातल्या ‘युरिगे’ या ब्रुअरीची आल्ट वरच्या टोकाची. पहिला घोट कारल्यासारखा चढतो, आणि तुम्ही तोंड वाकडं करणार तेवढ्यात मागून मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा येऊन सावरतो. हा तोल साधला नसेल तर आल्ट नुसतीच कडू किंवा नुसतीच काकवी लागते. परीक्षण करायचं ते या सावरण्याचं, रंगाचं नाही. नाव ‘आल्ट’, म्हणजे जुनी, ते लागरची लाट आल्यावर जुन्या पद्धतीला चिकटून राहिल्यामुळे. शिळी नव्हे.

वाढण्याची तऱ्हा दोन्हीकडे सारखीच: निळ्या कपड्यांतला, किंचित फटकळ ‘क्योबेस’, म्हणजे वेटर, न विचारता भरलेला ग्लास ठेवतो आणि बियरमॅटवर पेन्सिलीने रेघ मारतो. पंगतीत वाढप्यासमोर पानावर हात आडवा धरतो ना, तसा इथे मॅट ग्लासवर ठेवायचा. माझ्या मावसभावाला हे सांगायला मी विसरलो आणि तो ग्लास रिकामा ठेवणं हा अन्नाचा अपमान समजतो. मॅटवर अकरा रेघा झाल्या तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. क्योल्शचा ग्लास बारीक, २०० मिलिलिटरचा, आणि तो तसा आहे हे बरंच आहे. क्योल्श पाच मिनिटांत संपवायची वस्तू. कोमट झाली की मेली. आल्टला घाई नसते. ग्लास जरा तळहातात धरून ऊब दिली तर ती उलट मोकळी होते.

तेव्हा कोणी कुठे जावं? आजवर फक्त बाटलीतली लागर प्यायला असाल, सोबत नवखी मंडळी असतील, कॅथेड्रलही बघायचं असेल, तर कोलोन. कॅथेड्रलपासून चार पावलांवर ‘फ्र्यू’ हा बियरखाना आहे, पण मी आणखी थोडं चालून फ्रीझेनश्ट्रासंवरच्या ‘पेफगेन’ला नेईन. तिथे पिंपातून काढतात आणि पर्यटकांची झुंबड कमी असते. कोरा चहा, कडक कॉफी, मेथीची भाजी आवडत असेल तर विचारही करू नका, ड्युसेलडॉर्फ. मला एकच संध्याकाळ दिली तर मी आल्टच घेईन. क्योल्शला मी गुण जास्त देतो, आल्टला वेळ जास्त देतो. तिसरा मंगळवार जानेवारीतला किंवा ऑक्टोबरमधला असेल तर युरिगेत ‘श्टिके’ नावाची जास्त दमदार आल्ट मिळते. तेव्हा ग्लास मोजून घ्या आणि परतीला गाडी नको, लोकलच बरी.

बाटली घरी न्यायची असेल तर आल्ट न्या, मॉल्टमुळे ती प्रवास जरा तरी सोसते. हे मी मावसभावाला विमानतळावर तीनदा सांगितलं होतं. त्याने क्योल्शच घेतली, ऑक्टोबरात. पाहुणे आल्यावर फोडू म्हणून पुण्यात स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली आणि मेमध्ये फोडली. मग रात्री साडेदहाला फोन: ‘अरे, हिला पुठ्ठ्याचा वास का येतोय?’