घरगुती ग्रो लाइट: एलईडी पट्ट्या सिरीजमध्ये जोडाव्यात की पॅरललमध्ये?

पावसाळ्यात घरातल्या मांडणीवर टोमॅटो, ढोबळी मिरची किंवा लेट्यूसची रोपे तयार करू पाहणाऱ्यांना सातारा-सांगली भागात पहिली अडचण येते ती उजेडाची. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला तर ऐन पावसात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही आणि प्रो-ट्रेमधली (रोपे वाढवण्याच्या कप्प्यांच्या ट्रेमधली) रोपे नुसती उंच, पांढुरकी आणि लेची होत जातात. त्यावर एलईडी पट्ट्यांचा ग्रो लाइट घरीच बनवायचे ठरले, की पट्ट्या सिरीजमध्ये (एकाच वाटेत, म्हणजे तोच प्रवाह सगळ्यांतून जाईल अशा) जोडाव्यात की पॅरललमध्ये (प्रत्येकीला तेच व्होल्टेज मिळून प्रवाह वाटला जाईल अशा), हा प्रश्न पुढे येतो. माझ्या मते त्याचे उत्तर पट्टी कोणत्या प्रकारची आहे आणि तिला वीज पुरवणारे उपकरण व्होल्टेज स्थिर ठेवते की प्रवाह, या दोन गोष्टींवर अवलंबून आहे. म्हणून तार कापण्यापूर्वी तेवढे पक्के करून घ्यावे.

बाजारात पट्टी या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे पाच मीटरच्या रिळात येणारी, मागे चिकटपट्टी असलेली लवचिक पट्टी, जी आपण पीओपीच्या छताला लावलेली पाहतो. दुसरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सरळ पाट्यावर एलईडी बसवलेली कडक पट्टी.

लवचिक पट्टीच्या आत दोन्ही प्रकारच्या जोडण्या आधीच केलेल्या असतात. १२ व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी आणि प्रवाह आवरणारा एक रेझिस्टर सिरीजमध्ये असतात आणि असे गट एकामागोमाग पॅरललमध्ये जोडलेले असतात. कात्रीची खूण तीन-तीन एलईडींनंतर येते ती यामुळेच. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात आणि उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात, म्हणजे पट्टीला दिलेल्या विजेचा चौथा हिस्सा रोपांपर्यंत पोहोचतच नाही. २४ व्होल्टच्या पट्टीत एका गटात सात एलईडी असतील तर हे नुकसान आठव्या हिश्शावर येते.

अशा पट्ट्यांना व्होल्टेज स्थिर ठेवणारा एसएमपीएस (घरातल्या विजेचे कमी व्होल्टेजच्या डीसीत रूपांतर करणारे उपकरण) लागतो आणि त्या पॅरललमध्येच जोडायच्या असतात. मात्र पॅरलल म्हणजे एका पट्टीच्या शेपटीला दुसरी, दुसरीच्या शेपटीला तिसरी असे नव्हे, कारण मग सगळा प्रवाह पहिल्या पट्टीच्या कागदासारख्या पातळ तांब्यातून जातो आणि शेवटची पट्टी मंद पडते. एसएमपीएसपासून प्रत्येक पट्टीला स्वतंत्र तारजोडी न्यावी आणि पट्टी लांब असेल तर दोन्ही टोकांनी पुरवठा द्यावा.

तारेचा हिशेब अनेकजण सोडून देतात, पण उजेड कमी पडण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते. मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर पट्टी १२ व्होल्टवर ६ अँपिअर घेते. एसएमपीएस तीन मीटर दूर असेल आणि तार एक चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांब्यात सुमारे ०.६ व्होल्ट गळतात. बारातले अर्धा-पाऊण व्होल्ट किरकोळ वाटतात. पण एलईडींना त्यांचे ९ व्होल्ट लागतातच, त्यामुळे ही घट पूर्णपणे रेझिस्टरच्या ३ व्होल्टमधून जाते आणि प्रवाह सुमारे पाचव्या हिश्शाने उतरतो. तेवढ्याच वॅटची २४ व्होल्टची पट्टी ३ अँपिअर घेते, गळती निम्मी होते आणि प्रवाहातील घट दहाव्या हिश्शाच्या आसपास राहते. लवचिक पट्टीच घ्यायची असेल तर २४ व्होल्टची घ्यावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

घरात १२ व्होल्टच्या पट्ट्या पडून आहेत म्हणून दोन-दोन सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर लावण्याचा मोह होतो. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या लांबीच्या असतील तर हे चालते. एक पट्टी दोन मीटरची आणि दुसरी एक मीटरची असेल, तर आखूड पट्टीवर १३ व्होल्टच्या आसपास येतात आणि तिच्या प्रत्येक गटातून ठरल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त प्रवाह जातो. दिवसाला १४ तास चालणाऱ्या दिव्यात अशी पट्टी फार काळ टिकत नाही.

सिरीज-पॅरललचा खरा निर्णय कडक पट्ट्यांमध्ये घ्यावा लागतो. त्यांच्यावर बहुधा रेझिस्टर नसतो, प्रवाह आवरण्याचे काम ड्रायव्हर, म्हणजे प्रवाह स्थिर ठेवणारे वीजपुरवठ्याचे उपकरण, करतो. समजा, चार फूट बाय दोन फुटांच्या एका फळीसाठी प्रत्येकी सुमारे २२ व्होल्टच्या चार सारख्या पट्ट्या घेतल्या आणि प्रत्येकीला ७०० मिलिअँपिअर द्यायचे ठरवले. चारही सिरीजमध्ये जोडल्या तर ७०० मिलिअँपिअरचा एकच ड्रायव्हर पुरतो, तार बारीक चालते आणि प्रत्येक पट्टीतून नेमका तेवढाच प्रवाह जात असल्याने उजेड सगळीकडे सारखा पडतो. एखादा सांधा सुटला तर गणपतीतल्या जुन्या माळेसारखी सगळी फळी विझते. तो दोष लगेच लक्षात येतो, म्हणून मला त्याची फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती व्होल्टेजची. चार पट्ट्या मिळून ८८ व्होल्ट डीसी होतात, आणि ६० व्होल्टच्या पुढचा डीसी उघड्या सांध्यावर ओल्या हाताला धोक्याचा समजावा. ड्रायव्हरची आउटपुट बाजू मेनपासून विलग असेल, तर दोन्ही तारांना एकदम हात लागल्यावर घरातला आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) उडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच चार पट्ट्या पॅरललमध्ये जोडल्या तर व्होल्टेज २२ च राहते आणि ड्रायव्हर २.८ अँपिअरचा लागतो. इथला धोका वेगळा आहे. एक तार निसटली की तिच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्या तिघींवर येतो आणि प्रत्येकीतून सुमारे ९३० मिलिअँपिअर जाऊ लागतात. शिवाय एलईडी तापला की त्याला लागणारे व्होल्टेज उतरते, त्यामुळे जास्त तापलेली पट्टी आणखी प्रवाह ओढते आणि आणखी तापते. यावर उपाय आहे. पट्ट्या एकाच खेपेतल्या घ्याव्यात, सर्व एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर घट्ट बसवाव्यात आणि त्या कमाल प्रवाहाच्या निम्म्यावरच चालवाव्यात. दोन-दोन पट्ट्या सिरीजमध्ये जोडून त्या दोन माळा पॅरललमध्ये जोडण्याचा मधला मार्ग वरवर सुरक्षित वाटतो, परंतु त्यात एक माळ तुटली की दुसरीतून दुप्पट, म्हणजे १.४ अँपिअर जातात.

म्हणून जिथे झारीने किंवा फवाऱ्याने पाणी दिले जाते त्या घरगुती मांडणीसाठी मी कडक पट्ट्या, निम्मा प्रवाह आणि पॅरलल हीच जोडणी सुचवेन. दिवे हात न पोहोचणाऱ्या उंचीवर, कोरड्या जागी असतील आणि सांधे झाकलेले असतील, तर सिरीजच सरस.

लवचिक की कडक, याचा निकाल वीजबिलावरही लागतो. अशा फळीवर रोपांसाठी, कडेने वाया जाणारा प्रकाश धरून, सेकंदाला साधारण १५० मायक्रोमोल (रोपांना उपयोगी प्रकाशकण मोजण्याचे एकक) प्रकाश लागतो असे मानले, तर चांगल्या कडक पट्ट्यांना सुमारे ६५ वॅट आणि सामान्य लवचिक पट्ट्यांना सुमारे ११५ वॅट लागतात. रोज १४ तास धरल्यास महिन्याला एकीकडे २७ आणि दुसरीकडे ४८ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर वरचा टप्पा लागतो, त्यामुळे हा फरक बिलात जाणवतो. एक-दोन महिन्यांसाठी एकच ट्रे ठेवायचा असेल तर मात्र लवचिक पट्टी पुरे.

जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात लवचिक पट्टीचा चिकटपणा सुटतो, म्हणून ती अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून वर क्लिपा माराव्यात. पाचगणीच्या दमट हवेत उघडे सांधे हिरवे पडतात. तिथे प्रत्येक सांध्यावर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी हवीच. लाल पट्ट्या जोडायच्या असतील तर त्यांना स्वतंत्र ड्रायव्हर द्यावा, कारण लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटतो आणि तेवढ्याच एलईडींची पांढरी पट्टी शेजारी पॅरललमध्ये असेल तर सगळा प्रवाह लालकडे जातो.

ड्रायव्हर चालू असताना पट्टी कधीही जोडू नये. रिकाम्या ड्रायव्हरवर चढलेले व्होल्टेज जोडताक्षणी एलईडीवर येते. पॅरलल जोडणी पूर्ण झाल्यावर दिवे तासभर चालू ठेवावेत. मग बंद करून मल्टिमीटर एका पट्टीच्या तारेत सिरीजमध्ये घालावा, पुन्हा चालू करून प्रवाह मोजावा आणि हेच प्रत्येक पट्टीसाठी करावे. एखादी पट्टी इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त प्रवाह घेत असेल तर ती त्या गटातून काढावी.