स्नो गूज हंटच्या नावाखाली आमचे 8,075 डॉलर गेले, पुढचं बुकिंग करायच्या आधी हे वाचा

आधी आकडा सांगतो. अमेरिकेत स्नो गूजची, म्हणजे पांढऱ्या जंगली हंसांची, शिकार घडवून आणतो म्हणणाऱ्या एका ठगाने आम्हा पाच मित्रांचे मिळून 8,075 डॉलर लुबाडले. अ‍ॅडव्हान्स 4,125, नंतरचे 3,625 आणि वर परमिटची प्रोसेसिंग फी म्हणून माणशी 65 प्रमाणे 325. रुपयांत सात लाखांच्या आसपास होतात. यात आम्ही घेतलेली स्टीलची काडतुसं, भाड्याची मोठी गाडी, शेवटी नाईलाजाने घेतलेलं मोटेल आणि पाचही जणांनी ऑफिसात भांडून मिळवलेली आठवड्याची सुट्टी धरलेलीच नाहीये. एकही गोळी न झाडता परत आलो.

शिकार कशाला करता, आपल्याकडे तर 1972 पासून कायद्याने बंदी आहे, असं लिहिणारे येतीलच म्हणून आधीच सांगतो. आम्ही अमेरिकेत राहतो, रीतसर हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, परमिट काढून जातो. आणि स्नो गूजचा प्रकार वेगळा आहे. हे पांढरे हंस इतके वाढले की कॅनडात हडसन बेच्या किनाऱ्यावर, मॅनिटोबात चर्चिलच्या आसपास, मुळं उपटून खाऊन त्यांनी टुंड्राची जमीन उघडी पाडली, जिथे पुन्हा गवत यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून 1999 पासून इथलं सरकारच वसंतात कॉन्झर्व्हेशन ऑर्डर लावतं, म्हणजे यांची संख्या कमी करायला शिकारीची खास मुभा देतं. त्या काळात रोज किती पक्षी मारायचे याची लिमिट नसते, एरवी बंदी असलेला इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे पक्ष्यांचा आवाज काढणारं यंत्र, चालतो, बंदुकीत तीनच काडतुसांची अटही नसते. मारलेले पक्षी आम्ही खातो, टाकत नाही. आता यावर वाद नको, मुद्दा फसवणुकीचा आहे.

यातला लिमिट नाही हा भाग लक्षात ठेवा, त्यावर परत येणार आहे.

प्लॅन असा होता की फेब्रुवारीच्या शेवटी मिसुरी राज्याच्या वायव्य भागात जायचं. माउंड सिटीजवळ लोएस ब्लफ्स नावाचं सरकारी अभयारण्य आहे, उत्तरेकडे जाताना हे पक्षी तिथे उतरतात, काही वर्षांत तर दहा लाखांच्या वर मोजले गेलेत. त्या पट्ट्यातल्या मक्याच्या कापलेल्या शेतांत गाइड लोक पहाटे अंधारात हजार-दीड हजार डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, मांडतात, वाऱ्यावर हलणारे कापडी विंडसॉक लावतात, आणि आपण पांढरे कपडे घालून मध्ये झोपायचं. हे सगळं सामान आपल्यासारख्या हौशी माणसाकडे नसतं, स्वतःचं करायचं तर ट्रेलर भरून डिकॉय लागतात, म्हणूनच आउटफिटर, म्हणजे शिकारीची सगळी सोय करून देणारा धंदेवाला, लागतो आणि म्हणूनच या लोकांना गिऱ्हाईक मिळतं.

आमच्यातल्या नागपूरकराला सोशल मीडियावर एक पेज दिसलं. फोटो जबरदस्त, लॉजचा फोटो, ट्रेलर, काळा लॅब्राडोर, समोर ओळीने मांडलेले पक्षी, खाली लोकांच्या कमेंट. सहा दिवसांचा हंट, राहणं, सकाळ-संध्याकाळचं जेवण, पक्षी साफ करून पॅक करून देणार, माणशी 1,650. काही लोक मला म्हणाले स्वस्ताच्या मोहात पडलात. साफ चूक. दिवसाला 275 पडतात, खऱ्या आउटफिटर्सचा रेटही 200 ते 300 च्या मध्येच असतो, आम्ही चार ठिकाणी विचारलं होतं. चोर शहाणा असेल तर तो रेट बाजारभावानेच ठेवतो, त्यामुळे स्वस्त दिसलं तरच संशय घ्यायचा हे डोक्यातून काढा.

फोनवर बोलणंही झालं. माणूस मिडवेस्टच्या ढंगात बोलायचा, हवामान विचारायचा, बर्फाची रेषा कुठे सरकली ते सांगायचा, कोणती काडतुसं आणा, शिशाचे छरे चालत नाहीत, पाणपक्ष्यांच्या शिकारीत त्यांच्यावर 1991 पासून देशभर बंदी आहे, हे त्याने स्वतःहून सांगितलं. आता असा माणूस चोर असेल हे ओळखायचं कसं? त्याचं नाव लिहीत नाही, तसंही ते खोटंच असणार.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही. त्याने पाठवलेल्या बुकिंगच्या कागदात चौथ्या ओळीत लिहिलं होतं, रोज माणशी 20 पक्ष्यांची लिमिट गॅरंटीड. वीस! वीसची लिमिट हिवाळ्याच्या नेहमीच्या सीझनमध्ये बऱ्याच राज्यांत असते. वसंतातल्या कॉन्झर्व्हेशन ऑर्डरमध्ये लिमिटच नाही, तर कसली लिमिट आणि कसली गॅरंटी. दिवसरात्र हेच काम करणारा माणूस हे लिहूच शकत नाही. म्हणजे त्याने कुठल्यातरी खऱ्या लॉजचा हिवाळ्याचा कागद उचलला आणि फक्त तारखा बदलल्या. कोल्हापूरकराने ती ओळ मोठ्याने वाचली होती, मी स्वतः म्हणालो होतो की अरे हे कसं काय, आणि मी लगेच त्याला मेसेज करून विचारलं सुद्धा. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं, सर ही आमच्या लॉजची स्वतःची लिमिट आहे, त्याहून जास्त पक्षी आमची माणसं साफ करू शकत नाहीत. इतकं पटण्यासारखं उत्तर. तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? आम्ही प्रश्न विचारला नाही असं नाही, विचारला, आणि खोटं उत्तर मिळालं.

गॅरंटी हा शब्द मात्र कुठल्याही गाइडच्या तोंडी दिसला की तिथेच थांबा. हे जंगली पक्षी आहेत, दक्षिणेचा वारा सुटला, बर्फ वितळला की एका रात्रीत दोनशे मैल पुढे जातात, आणि खरा गाइड तुम्हाला आधीच सांगतो की तारखा मागेपुढे होतील. आमच्या माणसाने तारीखही पक्की दिली आणि पक्षीही.

पैसे कसे गेले ते सांगतो. कार्ड घेतो का विचारलं तर म्हणाला चार टक्के जास्त पडतील, त्यापेक्षा फोनच्या अ‍ॅपने बँकेतून बँकेत पाठवा. 4,125 चे 165 वाचतात म्हणून पाठवले. जानेवारीत मेसेज आला की उरलेले पैसे एकदम दिलेत तर ग्रुपला 500 ची सूट, म्हणून 4,125 च्या जागी 3,625 गेले. इथले अर्धे छोटे धंदेवाले कार्डाचे पैसे वेगळे लावतात, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. पण लिहून ठेवा, क्रेडिट कार्डावर बिल आल्यापासून 60 दिवसांत तुम्हाला कायद्याने वाद घालता येतो, आणि अ‍ॅपने स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशाला जवळपास काहीही संरक्षण नाही. ते 165 डॉलर देऊन टाकायला हवे होते.

परमिटचं प्रकरण तर यापेक्षा भयंकर आहे आणि व्हिसावर असलेल्या प्रत्येकाने हे नीट वाचा. आमच्यातले तिघे एच-वन-बीवर आहेत. नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक हातात घ्यायला फेडरल कायद्याने बंदी आहे, कलम 922, आणि त्यातला एक मुख्य अपवाद म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेत कायदेशीर दिलेलं हंटिंग लायसन्स किंवा परमिट असणं. हा माणूस म्हणाला परमिट मीच काढून देतो, माणशी 65 द्या, ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो पाठवा. पाच पीडीएफ आले, वर शिक्का, नंबर, सगळं. सगळे खोटे. समजा त्याने खरंच आम्हाला कुठल्यातरी शेतात नेऊन सोडलं असतं आणि आम्ही त्या खोट्या कागदावर बंदुका हातात घेतल्या असत्या तर? तिघांचे व्हिसे, ग्रीन कार्डाची रांग, घरदार, सगळं पणाला लागलं असतं. मिसुरीत परमिट राज्याच्या कॉन्झर्व्हेशन खात्याच्या साइटवर तुम्ही स्वतः घरबसल्या काढता. परमिट स्वतः काढा, कुणाच्या हाती देऊ नका. आणि लायसन्सचे फोटो गेलेत म्हणून आम्ही पाचही जणांनी तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ केलंय, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये, ते फुकट असतं, तुमचे फोटो कुणाकडे गेले असतील तर आजच करा.

दिलेल्या पत्त्यावर पोचलो तर लॉज नाही. धान्याच्या मोठ्या टाक्या, एक जुनं घर, म्हातारे शेतकरी बाहेर आले. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिलं आणि विचारायच्या आधीच मान हलवली, म्हणाले या सीझनमध्ये इथे येणारे तुम्ही पहिले नाही. त्यांनाही या सगळ्याचा ताप, अनोळखी माणसं बंदुका घेऊन दारात येतात. बिचाऱ्यांनी कॉफी दिली. फोन लावला तर नंबर बंद, इंटरनेटवरून घेतलेला नंबर होता. दुसऱ्या दिवशी लोएस ब्लफ्सच्या दहा मैलांच्या रस्त्यावर गाडीतून चक्कर मारली, समोर तलावभर पांढरे पक्षी, आवाजाने कान बधिर, आणि आमच्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आता तक्रारींचं ऐका. आमच्या शहराच्या पोलिसांकडे गेलो, म्हणाले गुन्हा तिकडे मिसुरीत झाला, तिकडच्या शेरीफकडे जा. तिकडे फोन केला, तर म्हणे पैसे तुमच्या शहरातून गेले, तिकडे नोंदवा. परत इकडे आलो, तर खिडकीवरच्या बाईंनी विचारलं की तुम्ही पैसे स्वतः पाठवलेत ना, मग हा सिव्हिल मामला आहे, वकील करा. 8,075 डॉलर खोटा लॉज दाखवून घेतले, खोटे सरकारी परमिट बनवून दिले, आणि हा सिव्हिल मामला? खोटा सरकारी कागद बनवणं हा गुन्हा नाही का? शेवटी खूप भांडल्यावर एक रिपोर्ट नंबर मिळाला, तोही मी सुपरवायझरला बोलवा म्हणून अडून बसलो म्हणून.

बँकेची तर कमालच. पहिल्या फोनवर सांगितलं काळजी करू नका, क्लेम टाकतो. मग पत्र आलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता, क्लेम नामंजूर. अपील केलं, तर पुन्हा तेच पत्र, फक्त तारीख बदललेली. मी विचारलं, ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं, ते तरी गोठवा. तर प्रायव्हसी! माझे पैसे चोरणाऱ्याची प्रायव्हसी ही बँक सांभाळते आणि माझ्या लायसन्सचा फोटो त्याच्याकडे आहे त्याबद्दल कुणाला काही पडलेली नाही. वर दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी, आणि शेवटी विचारणार आजच्या सेवेला किती मार्क द्याल.

केंद्र सरकारच्या ऑनलाइन फॉर्मवरही तक्रार टाकली, एक नंबर आला, त्यानंतर शांतता. राज्याच्या ग्राहक विभागाने त्या धंद्याच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. कुठला पत्ता? त्याच शेतकऱ्याचा! मी तक्रारीत स्पष्ट लिहिलं होतं की पत्ता खोटा आहे, कुणी वाचलंच नाही. आणि सोशल मीडिया कंपनीला पेज रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की यात आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही. एकट्या कॉन्झर्व्हेशन एजंटने, म्हणजे राज्याच्या कॉन्झर्व्हेशन खात्याच्या अधिकाऱ्याने, नीट ऐकून घेतलं, परमिटचे नंबर तपासले, खोटे आहेत हे लेखी दिलं. तो कागद आमच्या अपिलात जोडलाय.

तुम्ही काय करायचं ते मधेमधे लिहिलंच आहे, बाकीचं इथे. फोटो गूगलवर उलटे शोधा. आम्ही नंतर शोधले तर लॉजचा फोटो कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या भलत्याच लॉजचा निघाला. धंदा त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे धंद्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर नोंदलेला आहे का बघा, फुकट दिसतं. मोंटाना, आयडाहोसारख्या राज्यांत आउटफिटरला राज्याचं लायसन्स लागतं, तिथे नंबर मागा आणि लायसन्स देणाऱ्या बोर्डाकडे तपासा. शेत कुणाचं आहे ते काउंटीच्या नकाशावर दिसतं, मालकाचं नाव आणि आउटफिटरचं नाव जुळत नसेल तर लीजबद्दल विचारा. व्हिडिओ कॉलवर ट्रेलर आणि डिकॉय दाखवायला सांगा, आत्ता, लगेच, उद्या नाही. आणि मागच्या वर्षीच्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर मागा, पेजवरच्या कमेंटवर जाऊ नका, त्या सगळ्या त्याच महिन्यात उघडलेल्या अकाउंटच्या होत्या.

ते पेज अजून चालू आहे. नाव बदललंय, आता एप्रिलच्या टर्की हंटचं बुकिंग घेतायत, पण फोटो तेच, तोच काळा लॅब्राडोर आणि मागे लाल पट्ट्याचा पांढरा ट्रेलर. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका. आणि ज्यांचे आधीच गेलेत त्यांनी तारीख, रक्कम आणि पैसे ज्या नावाच्या खात्यात गेले ते नाव मला कळवा, एकेकट्याला ही बँक उभं करत नाही म्हणून आम्ही सगळ्यांची मिळून एकच तक्रार तयार करतोय.