ओल्ड सॅरम (सॉल्सबरी): माणसं नव्हती, पण खासदार दोन होते

स्टोनहेंज बघायला सगळेच जातात. लंडनच्या वॉटर्लूवरून सॉल्सबरीची ट्रेन, साधारण दीड तासात तिथे, स्टेशनबाहेरून ती डबलडेकर टूर बस, दगड बघायचे, फोटो काढायचे आणि परत. त्याच बसचा ओल्ड सॅरमला एक स्टॉप आहे आणि आपली बहुतेक मंडळी तिथे उतरतच नाहीत, कारण बसमधून दिसते ती नुसती गवताळ टेकडी. तर हा रिव्ह्यू त्या टेकडीचा. जागा इंग्लिश हेरिटेजकडे, म्हणजे तिकडच्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, आतल्या किल्ल्याला तिकीट आहे, बाहेरचा सगळा परिसर फुकट फिरता येतो. आणि आधीच सांगून टाकते, पडक्या भिंती बघायच्या म्हणून गेलात तर तासाभरात बाहेर पडाल. या टेकडीच्या नावावर शेकडो वर्षं इंग्लंडच्या संसदेत दोन खासदार बसत होते आणि त्यामागचा बराच पैसा आपल्याकडून गेलेला होता, हे माहीत करून गेलात तर मात्र पाय निघत नाही. माझा तरी निघाला नाही.

आधी जागेबद्दल. गड बघायची सवय असलेल्या माणसाला रचना लगेच कळते. बाहेर भला मोठा मातीचा गोल तट, त्याला खोल खंदक, आत मोकळी माची आणि मधोमध अजून एक खंदक खणून उंच केलेला बालेकिल्ला. बाहेरचा तट लोहयुगातला, इसवी सनाच्या आधी साधारण ४०० वर्षांचा. मधला किल्ला फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन लोकांचा, १०७० च्या आसपासचा. लाकडी पुलावरून आत गेलं की भिंतींचे अवशेष आहेत, पूर्ण अशी एकही खोली उरलेली नाही, पण तटावर चढून दक्षिणेला बघा, खाली खोऱ्यात सॉल्सबरी कॅथेड्रलचा १२३ मीटरचा कळस दिसतो. वारा तुफान असतो, जॅकेट हवंच, उन्हाळ्यातसुद्धा. ज्यांचे गुडघे दुखतात अशा आईबाबांना तटावर चढवू नका, बाहेरची माची त्यामानाने सपाट आहे, तिथेच बसवा, पोरांना पळायला तर जागाच जागा आहे.

माचीत वायव्येच्या कोपऱ्यात जुन्या कॅथेड्रलचा पाया गवतात दिसतो, पूर्ण आकार कळतो. १०९२ मध्ये ते बांधून झालं आणि थोड्याच दिवसांत वादळाने त्याचं नुकसान केलं. मग परत बांधलं, वाढवलं. पण टेकडीवर पाण्याची बोंब, वाऱ्याने जीव नकोसा, त्यात किल्ल्यातले शिपाई आणि चर्चमधले पाद्री यांची सतत भांडणं. शेवटी बिशप रिचर्ड पूअरने १२२० मध्ये खाली नदीकाठी नव्या कॅथेड्रलचा पाया घातला आणि त्याच्याभोवती आजचं सॉल्सबरी उभं राहिलं. बाजार खाली गेला, माणसं खाली गेली, जुन्या कॅथेड्रलचे दगडसुद्धा उचलून खाली नेले. किल्ला काही काळ टिकला मग तोही पडीक झाला.

आता खरी गोष्ट. गाव उठलं पण मतदारसंघ उठला नाही. राजा पहिल्या एडवर्डने १२९५ मध्ये जी संसद बोलावली तिच्यात ओल्ड सॅरमचे दोन प्रतिनिधी होते, आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापासून ते थेट १८३२ पर्यंत इथून दोन खासदार जात राहिले. खाली माणसांनी भरलेल्या सॉल्सबरीला दोन आणि वर रिकाम्या टेकडीला पण दोनच. कारण मत माणसाला नव्हतंच, मत जमिनीच्या तुकड्याला होतं. जुन्या गावातले ठरावीक प्लॉट होते, ज्याच्या नावावर प्लॉट तो मतदार, मग त्या प्लॉटवर घर असो नाहीतर गवत, आणि मालक तिथे राहतो की शंभर मैलांवर याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. शेवटी शेवटी, म्हणजे १८३१ ला, मतदार होते ११, आणि त्यातला एकही इथे राहत नव्हता. एकाच माणसाने सगळे प्लॉट विकत घेतले की झालं, निवडणुकीपुरते ते आपल्या भरवशाच्या माणसांच्या नावावर करायचे, ती माणसं येऊन मालक सांगेल त्याचं नाव घेणार, मतदान उघडच असायचं, गुप्त मतदान इंग्लंडमध्ये आलं १८७२ ला. मतदान व्हायचं टेकडीखालच्या शेतात, एका एल्मच्या झाडाजवळ. सभागृह नाही, चावडी नाही, एक झाड. तटावर उभं राहून पश्चिमेला खाली जी शेतं दिसतात ना, तिकडे. मी तिथे बराच वेळ नुसती बघत उभी होते.

अशा मतदारसंघांना तिकडे रॉटन बरो, म्हणजे सडलेले मतदारसंघ, म्हणायचे आणि असे पुष्कळ होते. सफकमधलं डनिच तर अर्धंअधिक समुद्रात गेलेलं, तरी दोन खासदार. पण उदाहरण द्यायचं झालं की सगळे ओल्ड सॅरमचंच द्यायचे, कारण इथे वस्तीच शून्य.

आपल्यासाठी या जागेचं महत्त्व आहे ते टॉमस पिटमुळे. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडून स्वतःच्या हिमतीवर हिंदुस्थानात व्यापार करायचा, कंपनीने त्याच्यावर खटले भरले, दंड केला, आणि शेवटी कंपनीनेच त्याला मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर करून पाठवला, १६९८ ते १७०९. त्याने १७०२ मध्ये मद्रासला गोवळकोंड्याच्या खाणीतला ४१० कॅरटचा कच्चा हिरा विकत घेतला, इंग्लंडला पाठवला, पैलू पाडल्यावर तो १४० कॅरटच्या आसपास राहिला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार बघणाऱ्याला, १,३५,००० पौंडांना विकला. तोच रीजंट हिरा, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या मालकीचा आहे. म्हणून याला डायमंड पिट म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण बऱ्याच जणांचा समज असतो की हिऱ्याच्या पैशातून त्याने ओल्ड सॅरम घेतलं. नाही. ओल्ड सॅरम त्याने त्याच्या आधीच, १६९० च्या दशकाच्या सुरुवातीला, सॉल्सबरीच्या अर्लकडून घेतलं होतं, ते त्याच्या आधीच्या व्यापाराच्या कमाईतून, आणि १६९५ ला तो इथून निवडूनही आला होता. हिऱ्याच्या पैशातून घेतली ती कॉर्नवॉलमधली बोकॉनॉक इस्टेट. म्हणजे एका हिऱ्याने नशीब उघडलं अशी ती परीकथा नाहीये, वर्षानुवर्षं हिंदुस्थानातून माल नेऊन जे कमावलं त्यातून त्याने संसदेतल्या दोन खुर्च्या घेतल्या. मला हे हिऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि तो काळ डोळ्यासमोर आणा. १६९० ला राजाराम महाराज जिंजीला होते, मोगलांचा वेढा पडत होता, पैशाची चणचण होती, आणि त्याच वर्षी कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला मद्रासच्या कंपनीने मराठ्यांकडून विकत घेतला, तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड झाला. किल्ल्यावरून तोफेचा गोळा जिथपर्यंत जाईल तिथपर्यंतची गावं सौद्यात धरलेली होती. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली आणि त्याच वर्षी पिट गव्हर्नर होऊन मद्रासला आला, तो किल्लाही मग त्याच्याच अंमलात. तिकडे कोरोमंडलच्या किनाऱ्यावर आमचा किल्ला विकत घेतला जातोय आणि जवळपास त्याच दोन-तीन वर्षांत इकडे विल्टशरमध्ये एक ओसाड टेकडी विकत घेतली जातेय, एकाच व्यापाराच्या जगातले हे दोन सौदे. जिंजी पाहिलेली असेल तर इथे आल्यावर हे डोक्यातून जात नाही.

टॉमसनंतर मुलगा रॉबर्ट इथूनच खासदार. मग नातू विल्यम पिट, थोरला, १७३५ मध्ये २६ व्या वर्षी पहिल्यांदा संसदेत गेला तो ओल्ड सॅरममधूनच, तेव्हा मालकी त्याच्या मोठ्या भावाकडे होती. सात वर्षांच्या युद्धात इंग्लंडला जिंकून देणारा हाच, अमेरिकेतलं पिट्सबर्ग याच्याच नावाचं. गंमत म्हणून नाही, मनापासून सांगते, मला या माणसाबद्दल आदर वाटला तो एका गोष्टीसाठी: स्वतः असल्या जागेतून वर येऊनही १७६६ मध्ये त्याने भर संसदेत म्हटलं की हे बरो म्हणजे आपल्या राज्यघटनेचा सडलेला भाग आहेत आणि हे शतकभर टिकणार नाहीत, गळून पडले नाहीत तर कापून काढावे लागतील. त्याचा मुलगा धाकटा पिट, म्हणजे आपण एमपीएससीला पाठ करतो तो १७८४ चा पिट्स इंडिया अ‍ॅक्ट ज्याचा, त्याने १७८५ मध्ये ३६ बरो मालकांना नुकसानभरपाई देऊन बंद करायचं बिल आणलं, ते २४८ विरुद्ध १७४ ने पडलं. डायमंड पिटचा पणतू हिंदुस्थानचा कारभार कसा चालवायचा याचा कायदा करतो, हे वाक्य अभ्यासाच्या पुस्तकात कुठे भेटलं नव्हतं, असतं तर तो कायदा पाठ करावा लागला नसता, आपोआप लक्षात राहिला असता.

पुढे पिट घराण्याची ही शाखा लॉर्ड कॅमेलफर्ड झाली. दुसऱ्या कॅमेलफर्डने १८०१ मध्ये हॉर्न टूक नावाच्या जुन्या सुधारणावाद्याला इथून निवडून आणलं, तो पाद्री झालेला होता, त्यावरून एवढा गोंधळ झाला की पाद्र्यांना खासदार होता येणार नाही असा कायदाच केला. मग १८०२ मध्ये ओल्ड सॅरम विकलं गेलं, ६०,००० पौंडांना, कॅलेडनच्या अर्लला. गवताला कोण एवढे पैसे देतं, किंमत होती त्या दोन जागांची. आणि हे कॅलेडन म्हणजे अलेक्झांडर घराणं, यांचीही दौलत कंपनीच्या नोकरीतली, मद्रास आणि बंगालची. त्यांनी निवडून आणलेला निकोलस व्हॅन्सिटार्ट हा बंगालच्या गव्हर्नरचा मुलगा, पुढे इंग्लंडचा अर्थमंत्री झाला. शेवटचे दोन खासदारही अलेक्झांडर घराण्यातलेच. म्हणजे सुरुवातही हिंदुस्थानच्या पैशाने आणि शेवटही. सगळेच रॉटन बरो हिंदुस्थानच्या पैशावर चालायचे असं नाही, बहुतेक तिथल्याच जमीनदारांचे होते, पण हा एक नक्की.

१८३२ च्या रिफॉर्म अ‍ॅक्टने हे संपवलं. इंग्लंडमधले ५६ बरो एका यादीत टाकून पूर्ण बंद केले, ओल्ड सॅरम त्यात होतं, आणि यावेळी मालकांना भरपाई एक पैसा नाही. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, जिथे गिरण्या आणि लाखांनी माणसं होती आणि स्वतःचा एकही खासदार नव्हता, त्यांना प्रत्येकी दोन मिळाले. सामान्य कामगाराला तेव्हाही मत मिळालं नाहीच, बायकांना तर नाहीच नाही, त्यासाठी अजून खूप भांडावं लागलं. तरी सुरुवात झाली ती इथून, असल्या जागांची लाज वाटायला लागली तिथून.

आता प्रॅक्टिकल. दोन तास ठेवा. किल्ला बघून झाला की पश्चिमेच्या वाटेने खाली स्ट्रॅटफर्ड-सब-कॅसल गावात उतरा, रस्ता सोपा आहे, शेतातून जातो, पावसानंतर चिखल असतो म्हणून बूट चांगले घाला. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चच्या मनोऱ्यावर टॉमस पिटचं नाव मोठ्या अक्षरात कोरलंय, १७११ ला मनोरा त्याने बांधून दिला, मद्रासहून परत आल्यावर. बाकी गाव अगदी शांत आहे, लोक राहतात तिथे, ग्रुपने जाऊन आरडाओरडा करू नका.

खायला घरून घेऊन जा, माचीवर चादर टाकून मस्त डबा खाता येतो, आम्ही तेच केलं. इंग्लिश हेरिटेजची मेंबरशिप असेल तर किल्ल्याला वेगळं तिकीट नाही, आणि स्टोनहेंजही त्यातच येतं, म्हणून दोन्ही एका दिवशी करणाऱ्या कुटुंबाने हिशोब करून बघा. थंडीत आतल्या किल्ल्याच्या वेळा कमी असतात, आधी चेक करा. संध्याकाळी वेळ उरला तर सॉल्सबरी कॅथेड्रलमध्ये मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या अधिकारांवर मर्यादा घालणाऱ्या सनदेची, १२१५ ची मूळ प्रत आहे ती बघा, चार प्रती उरल्यात त्यातली एक, पण क्रम हाच ठेवा, आधी ओल्ड सॅरम आणि मग ती.

किल्ला म्हणून पाचपैकी साडेतीन, रायगड-जिंजी पाहिलेल्या माणसाला भिंती कमीच वाटणार. इतिहास म्हणून पूर्ण पाच. मुलं आठवी-नववीच्या पुढची असतील तर नक्की घेऊन जा, जायच्या आधी ११ मतदार आणि २ खासदार एवढंच सांगा, बाकीचं ती स्वतःच विचारतील.