कुत्र्यासाठी घरचाच ट्रेडमिल की वेगळा?

पावसात लॅब्रेडॉरला फिरवायचं कसं, म्हणून मामेबहीण पेचात आहे. घरातल्या ट्रेडमिलवर सध्या कपडे वाळतात. तोच वापरावा की कुत्र्यांसाठीचा घ्यावा?

आधी पट्ट्याची लांबी. घरगुती मशीनचा पट्टा साधारण चार-पाच फुटी. बीगलसारख्या छोट्या कुत्र्याला भरपूर. लॅब्रेडॉर त्यावर चालेल, पण दुडक्या चालीला लागला की पाऊल आखडून टाकतो. मोठ्या कुत्र्यांच्या मशीनचा पट्टा लांब असतो.

सुरक्षिततेत फरक मोठा. आपल्या मशीनच्या कडा उघड्या, कुत्रा जरा सरकला की पाय पट्ट्याबाहेर. मागे पट्टा आत वळतो तिथे शेपटीचे केस अडकू शकतात. कुत्र्यांच्या मशीनला दोन्ही बाजूंनी कठडे असतात. म्हणून त्याला सोडून कुकर बघायला जायचं, असं मात्र नाही! मशीन कुठलंही असो, गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घाला, दोरी हातातच ठेवा, मशीनला कधीच बांधू नका.

सवय लावायची मेहनत दोन्हींवर सारखीच: आधी बंद पट्ट्यावर खाऊ, मग सगळ्यात कमी वेग, तोही मिनिट-दोन मिनिटं. पंखा लावा, कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापेवाटेच बाहेर टाकतो. जोरात धापा टाकू लागला की थांबवा.

खर्चात घरचं मशीन जिंकतं. वेगळं महाग, शिवाय फ्लॅटमध्ये जागा खातं.

लहान कुत्रा, किंवा मोठ्याला पावसापुरतं हळू चालवायचं असेल तर घरचं पुरे, पण शेजारी उभं राहायची तयारी हवी. मोठ्या कुत्र्याला वर्षभर पळवायचं असेल तरच वेगळं घ्या. पग, पिल्लू किंवा सांधे दुखणारा म्हातारा कुत्रा असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा.