कणीस की ओटी? आरएनए बांधायच्या दोन तऱ्हा

परभणीत बारावीच्या पोरांना विषाणू शिकवताना मी फळ्याकडं वळण्याआधी मक्याचं कणीस पुढं ठेवतो. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं आवरण तसंच: 158 अमिनो आम्लांचं एकच प्रथिन, त्याच्या सुमारे 2130 प्रती गोल जिन्यासारख्या चढत गेलेल्या, अन् प्रत्येक प्रत आरएनएची, म्हणजे विषाणूची माहिती साठवणाऱ्या लांब धाग्याची, नेमकी 3 अक्षरं (धाग्याचे एकेक दुवे) धरून बसलेली. गुणाकार करा, 6400 च्या आसपास येतं. तेवढाच त्याचा आरएनए. हिशेब चोख.

कोरोनाचा आरएनए बांधून ठेवतं ते एन प्रथिन. त्याची तऱ्हा म्हणजे वेचणीच्या बाईच्या ओटीत कोंबलेला कापूस. 419 अमिनो आम्लं, दोन घडीव भाग, मधे नि टोकांना सैल धागे. दोन्ही भाग आरएनए धरतात, पण दुसरा भाग त्याखेरीज शेजारच्या जोडीदार एन प्रथिनालाही बिलगतो. बांधायचा आरएनए जवळपास 30,000 अक्षरांचा! मधल्या धाग्याला फॉस्फेट चिकटले की गाठोडं ढिलं पडतं आणि पेशीत पुढची कामं उरकता येतात.

कणसाला ही सोय नाही. टिकाऊपणात मात्र तेच पुढं. वाळक्या पानातही वर्षानुवर्षं तगतं. मला तरी ओटीच हुशार वाटते. कोरोनाच्या काळात नाकात काडी घालून झटपट तपासणी व्हायची ना, त्या पट्टीवरची दुसरी रेघ बहुतेकदा याच एन प्रथिनामुळं उमटायची.